खिडकीतली जागा

ऋषिपंचमी, आरतीनंतर, लालबाग

डबा खिडकीतच राहू दिला असता तर? सिमकार्डवर चालणारा इंटरनेटचा तो डबा घरासाठी घेतला, पण त्यावरच मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून पोट भरतो. रेंज फक्त रस्त्याकडच्या खिडकीत मिळते. यंदा तिथे गणपती बसवला आणि डबा कॉटखाली सरकवला. सणाचं कोण येतंय, म्हटलं.

आज शेजारच्या सुनीतावहिनी लेकीचा नर्सिंगचा फॉर्म घेऊन आल्या. मुदत सहापर्यंत. डबा दारात धरला, गॅलरीत धरला. त्यात खाली दर्शनाची रांग, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, नेटवर्क तुंबलेलं. पान उघडेना. खिडकी मखराने भरलेली, आणि बसवलेली मूर्ती विसर्जनाआधी हलवत नाहीत. सहा वाजले.

"दुसरीकडे गेले असते, पण म्हटलं आपले भाऊजी आहेत," एवढंच वहिनी म्हणाल्या.

खिडकीतच का बसवला मी? दारातून शिरताच मखर लोकांच्या नजरेत भरावं म्हणून. देवाने कुठे मागितली होती ती जागा?

आरतीला दोघी आल्या होत्या. माझी मान वर होईना. टाळ त्या पोरीच्या हातात होते, आणि ती नीट तालात वाजवत होती.