दिवसाला दोनशे मिलिग्रॅम

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं बरं बरं म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलो. छापखान्यात सगळ्यांची रक्ततपासणी झाली. बांधणी खात्यातले सगळे सुटले, अडकलो एकटा मी. कोलेस्टेरॉल तीनशे बारा, त्यातलं ‘वाईट’ म्हणतात ते दोनशे सहा. मॅनेजरांनी कागद दोनदा वाचला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पट्टा नसेल तर माझी पँट खाली येते, आणि रक्तात म्हणे चरबी! बायको तेव्हापासून अंड्यांच्या ट्रेकडे घरात चोर शिरल्यासारखी बघते. छोटीनं काल सरळ विचारलं, की बाबा, तुम्ही आता आजोबांसारखे मरणार का. मी हसून वेळ मारून नेली.

बाबांचं पथ्य तू सात वर्षं सांभाळलंस. काय द्यायचीस, किती द्यायचीस, सवडीनं कळव. तुझ्या पायांची सूज उतरली का? तेही लिही.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा
ढब्बू

१५ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. रुग्णालयाच्या धुलाईघरात दोघीजणी रजेवर आहेत, त्यांच्या वाटच्या चादरीही माझ्याच इस्त्रीखाली येतात. घरी आलं की पेन उचलवत नाही. सूज आहे तशीच आहे.

बाबांना एकोणपन्नासाव्या वर्षी पहिला झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की, धडधाकट माणसानं दिवसाला तीनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलच्या आत राहावं आणि हृदयाचं दुखणं असलेल्यानं दोनशेच्या आत. एका अंड्याच्या बलकातच जवळपास एकशे नव्वद जातात. म्हणून बलक बंद, पांढरं चालेल. कलेजी बंद, लोणी बंद, दूध साय काढून. भाज्या, डाळी, फळं यांत ते नसतंच, ती पोटभर खा. आणि चालत जा. बाबा दर गुरुवारी तुझ्या तेव्हाच्या छापखान्यापर्यंत चालत यायचे. तेवढा एकच नियम त्यांनी कुरकुर न करता पाळला.

बाकी रोज भांडण. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. शेवटच्या सकाळी त्यांनी एक अंडं मागितलं, बलकासकट. आदल्या दिवशी त्यांनी चोरून लोणी खाल्लं होतं, मी चिडलेली होते. मी नाही म्हटलं आणि नुसतं पांढरं कापून पुढे ठेवलं. त्यांनी ताटली सरकवली, रंगाचे डबे उचलले आणि एका दुकानाची पाटी रंगवायला निघून गेले. दुपारी शिडीपाशी कोसळले. उपाशीपोटी गेले रे.

दमले आता. डॉक्टरांना दाखवून घे.
माया कायम आहे.
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊनच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, हल्ली त्या तीनशे-दोनशेच्या आकड्यावर पूर्वीइतका भर देत नाहीत. बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच तयार करतं. खाण्यातलं कमी ठेवावं हे खरंच, पण लोणी, साय, चरबीचं मांस यांवर जास्त लक्ष ठेवायचं. बाबांचं वय ऐकून त्यांनी चष्मा काढला. इतक्या लवकर झटका आणि माझे हे आकडे म्हणजे बहुधा घराण्यातूनच आलेलं दिसतं म्हणाले. तुलाही तपासून घ्यायला सांगितलंय.

तेव्हा ताई, मनातून काढून टाक. त्या एका अंड्यानं काही बिघडलं नसतं, असं ते स्वतः म्हणाले.

लोभात अंतर नको.
ढब्बू

२ एप्रिल

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

तू धीर द्यायला लिहिलंस, कळतं मला. पण बिघडलं नसतं म्हणजे काय? म्हणजे मी सात वर्षं त्या माणसाला उगाच तरसवलं. कपाटाला कुलूप लावत होते मी.

तपासणीचं पुन्हा लिहू नकोस. मला जमणार नाही.
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे नऊ वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. बाबा गुरुवारी चालत यायचे ते थेट आमच्या कँटीनमध्ये. दोन उकडलेली अंडी, बलकासकट. मीच आणून द्यायचो. पहिल्यांदा मी नाही म्हटलं होतं. ते नुसते बाकावर बसून राहिले. मला बघवेना. मग ते ठरूनच गेलं आणि ताईला कळता कामा नये, अशी शपथ त्यांनी मला घातली.

ते गेले तो बुधवार होता. सहा दिवस आधी माझ्या हातून दोन अंडी खाल्लेली. मीच त्यांना मारलं, असं समजून मी ती नोकरी सोडली आणि इतक्या लांब आलो. तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. तू सुट्टीला बोलवायचीस आणि मी कामाचं निमित्त काढायचो.

परवा डॉक्टरांना तुझंही सांगितलं आणि माझंही. आठवड्याच्या दोन अंड्यांनी ते गेले नाहीत, तू न दिलेल्या एकानंही गेले नाहीत, असं ते म्हणाले. तुझ्या पथ्यानं, लोणी-साय तोडल्यानं फायदा झालाच असणार. किती, ते कुणालाच सांगता येणार नाही. तेवढ्यावरच आपल्याला भागवावं लागेल.

रागाव, पण रक्त तपासून घे. पाया पडतो.
ढब्बू

२३ एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. दोन दिवस मनातल्या मनात तुला आणि बाबांना शिव्या घालत होते. दोघांनी मिळून मला सात वर्षं फसवलंत. तिसऱ्या दिवशी एक चादर घडी करता करता रडू फुटलं. बाजूचीनं विचारलं काय झालं, तर माझ्या तोंडून निघून गेलं की आमचे बाबा खायचे गं. तिला काही कळलं नाही.

त्याच संध्याकाळी रक्त देऊन आले. वाईट कोलेस्टेरॉल दोनशे एकवीस, तुझ्याहून जास्त. बाबा गेल्यापासून मी स्वतः बलक तोंडात घातलेला नाही, तरीही. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली आहे. छोटीचंही रक्त तपासायला त्यांनी बजावून सांगितलंय. घाबरवू नकोस तिला, आत्यानंही सुई टोचून घेतली म्हणावं.

चार दिवसांची रजा मंजूर झाली आहे. पुढच्या शनिवारी तुझ्याकडे येते. गाद्या वगैरे काही काढू नका, पाय वर करून पडायला एक कोपरा पुरे. तोवर ते गुरुवार मला नीट लिहून पाठव. बाबा कुठल्या बाजूला बसायचे, मीठ मागून घ्यायचे का, घाईघाईनं खायचे की सावकाश. आणि खाताना माझ्याबद्दल काही बोलायचे का, तेही लिही. वाईट बोलले असले तरी गाळू नकोस.

तुझ्यावरचा लोभ तसूभरही कमी झालेला नाही.
तुझी
ताई