गोलातला 'म्हणून'

यशवंतपूर, बेंगळुरू
१८ सप्टेंबर २०२४

चि. सुप्रीतास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतोय, बाजाराच्या रस्त्यावर कांद्याच्या लॉऱ्या ठाण मांडून असतात, आणि वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला, चंदनाला, अजून माझ्याच हातचं मेतकूट लागतं. पुण्यात तुमचं कसं चाललंय?

रविवारचा तुझा लेख वाचला. मोबाइलवर चुका नीट दिसत नाहीत, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घेतला. "स्वल्प इरी, अक्का," म्हणत त्याने त्या 'जरा थांबा'चा अर्धा तास केला.

लेख बरा आहे. पण एका वाक्याला तीन उद्गारचिन्हं कशाला? वाचकाला एकदा दचकवलं की पुरे. आणि 'अण्णांच्याद्वारे आम्हाला वाचनाची सवय लावण्यात आली' हे काय? अण्णांनी सवय लावली, इतकं साधं आहे. वडील होते ते आपले, नगरपालिका नव्हे. पुढे 'अण्णा म्हणाले सुप्रीता लिहील' यात स्वल्पविराम कुठे गेला? अवतरणचिन्हांचा तर पत्ताच नाही.

अण्णा ते म्हणाले तेव्हा मीही तिथेच होते. रोज सकाळी पेपरातल्या चुकांना लाल पेन्सिलीने गोल करायचं काम त्यांनी मला लावलं होतं. चुका माझ्याकडे आणि शाबासकी तुझ्याकडे, अशी आपली वाटणी. तुझ्या लेखात शाबासकी आली, पेन्सिल नाही.

गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, "अक्का, बेंगळुरूचा कुणी 'एक वाचक' माझ्या चुकांच्या याद्या संपादकांना पाठवतोय. महिनाअखेर माझं सदर बंद करणार म्हणतात." मी म्हटलं, "लोकांना कामधंदे नसतात गं." आणि चहाचं आधण उकळतंय असं सांगून फोन ठेवला. आधण ठेवलंच नव्हतं.

काल तुझ्याकडून फोटो आला. त्या वाचकाच्या पत्राचा. सोबत तुझं एक अक्षर नाही. फक्त 'हे लेखन कोण तपासतात म्हणून कळत नाही' या वाक्यातल्या 'म्हणून'भोवती लाल गोल.

पुण्यात कुणी असं बोलत नाही. 'कोण तपासतं, कळत नाही' म्हणतात. हा 'म्हणून' कानडीतल्या 'असं' अर्थाच्या 'अंत'वरून आपल्या घरात आला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिला. सासरी तुला हसले, तेव्हा तू महिन्याभरात सोडलास. दुसऱ्यांच्या पेपरात कुसळं शोधणाऱ्या मला तो कधी चूक वाटलाच नाही. तुझा गोलही पाहिला. अगदी अण्णांसारखा, एका बाजूला जरा उघडा. मला तसा कधी जमला नाही.

सुप्रीता, ती पत्रं मीच लिहिली. सात. मला तुझा हेवा वाटतो. लेखाशेजारी तुझा फोटो येतो त्याचा, लोक तुला थांबवून बोलतात त्याचा. सगळ्यात जास्त अण्णांवरून. ते दोघींचे होते, आता तू लिहिशील तेवढेच उरतात. चुका खऱ्या आहेत, असं मी मनाला बजावत राहिले. खऱ्याच आहेत. पण तुझं सदर बंद व्हावं, असंही मला वाटत होतं.

आज सकाळी संपादकांना पत्र टाकलं. सगळं कबूल केलं, खाली पूर्ण नाव आणि पत्ता घातला. सदर चालू ठेवा अशी विनंती केली. तुला चालणार असेल तर छापण्याआधी लेख मी तपासून देईन, असंही लिहिलं. ते ऐकतील की नाही, देव जाणे. तू ऐकशील का, हे विचारायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

हे पत्र मी पुन्हा वाचलेलं नाही. तुझी अक्का म्हणून सही करू का म्हणून कळत नाही.

वसुमती