न लागलेला हात

बाबा, काल गावात तुमच्या नावाची कबड्डी झाली. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, इतके दिवस कोणाला आठवण नव्हती. आता चौकात तुमचा एवढा मोठा फोटो, खाली ‘जिल्ह्याचा वाघ’. पाहूनच शिसारी आली. ज्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं, त्यांचीच पोरं फोटोला हार घालत होती. जनाची नाही, निदान मनाची तरी!

मला स्टेजवर शाल-नारळ दिलं. मग सरपंच माईकवर सांगू लागला, रिसोडच्या फायनलला तुम्ही शेवटच्या चढाईत गडी बाद करून ढाल गावात आणली. अहो, मी होते ना तिथं, मैदानाच्या कडेला. गावातून जिल्ह्याकडून खेळलेले पहिले तुम्ही, तुमची चढाई पाहायला लोक बैलगाड्या जुंपून यायचे. त्या शेवटच्या चढाईला पंचानं गुण दिला, लोक तुम्हाला उचलायला धावले, आणि तुम्ही मातीनं भरलेला हात वर करता. “पंचसाहेब, माहा हात त्याले लागलाच नाही.” त्या एका गुणानं ढाल दुसऱ्यांनी नेली. पुढं संघात कोणी घेतलं नाही. या सरपंचाच्याच बापानं आपल्या घरच्या वांग्यांच्या टोपल्या त्याच्या जीपमधून बाजाराला न्यायचं बंद केलं. तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानं सायकलवर बाजार गाठायचे. आई चुलीपाशी बसून तुमच्या गुडघ्याला तेल चोळते आहे, विचारते आहे, “काहून बोलले तुमी? पंचानं तं देलं होतं ना?” तुम्ही नुसते हसता.

सरपंचानं माईक माझ्या हाती दिला, म्हणाला, दोन शब्द बोला. सगळं ओकून टाकणार होते. तेवढ्यात पहिल्या रांगेत आई दिसली. आपल्या उंबऱ्याला कधी पाय न लावलेल्या बाया तिचा हात धरून बसल्या होत्या, आणि ती डोळे पुसत मान डोलवत होती. मी आभार मानले आणि खाली बसले. घरी आल्यावर तिच्यावर भडकले, सगळं खोटं होतं म्हणून. ती शालीची घडी घालत म्हणाली, “मले का मालूम नाही? पर बाई, आज मले त्यायनं समोर बसवलं.”

हे पत्र पाठवायचं कुठं, आणि आईला वाचून दाखवायची हिंमत नाही. सकाळपासून गावाला शिव्या घालते आहे. पण बाबा, त्या खोट्या ढालीवर टाळ्या पडल्या ना, तेव्हा मलाही गोड वाटलं.