एका पावाचा बिल्ला

रविवार, संध्याकाळ

आज नऊ वर्षांचा समज मोडला आणि तरी वाईट वाटत नाही. असं का?

माझ्या जुन्या फ्रेंच लष्करी बिल्ल्यांमधला तो पितळी बिल्ला, कडेला खड्डा पडलेला. म्हापशाच्या बाजारात घेतला तेव्हापासून मी त्याला शौर्यपदक समजत होतो. इथे हळर्णला मांडलेल्या प्रदर्शनातही तशीच चिठ्ठी लावली होती! भाची अनघा मोपाच्या विमानतळावर नोकरीला, फ्रेंच शिकलेली. दुपारी जेवायला आली, बिल्ला उजेडात धरला आणि हसायलाच लागली.

"मामा, ह्यां पदक न्हय. 'एका पावासाठी' असां लिवलेलां आसा."

म्हणजे छावणीत शिपायाने हा द्यायचा आणि पाव घ्यायचा. मी इतकी वर्षं लोकांना काय सांगत होतो! लगेच नवी चिठ्ठी लिहिली.

पण मग दुसरंच टोचायला लागलं. बिल्ला दिला असता तर तो छावणीतच राहिला असता. माझ्यापर्यंत आला, म्हणजे त्या दिवशी तो शिपाई उपाशी राहिला का? खड्ड्यावरून बोट फिरवत बायकोला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"बिल्लो हरवलो आसतलो," ती म्हणाली. "मगे सोबत्यान आपल्यातलो अर्दो पाव दिलो आसतलो. शेजारी उपाशी आसताना कोणाक घास जाता?"

याला पुरावा काही नाही, म्हणून चिठ्ठीवर लिहिता येणार नाही. इथे लिहून ठेवतो.