मैदान निरासावा सरांच्या नावे

मी, श्रीमती फुसाए कुरामोची, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा लॉज चालवणे, राहणार सुगादाइरा पठार, उएदा, नागानो, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. गुडघे गेलेत, पण मृत्युपत्र काही गुडघ्यांनी लिहायचं नसतं. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणू बघणाऱ्याचं नाव कलम दोनमध्ये येईल. तो माझा मुलगाच आहे.

नोटरी किताझुमे साहेब समोर बसले आहेत. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. मला हवेत. नवरा गेला तेव्हा भावकीने जे तोंड सोडलं होतं, ते मी विसरलेले नाही. शिवाय दुसरा साक्षीदार कोण असावा हे मी फार विचार करून ठरवलं आहे. ते अजून यायचे आहेत. तोवर मी लिहून घेते.

कलम १. मात्सुकाझे लॉजची इमारत, त्यातील भांडीकुंडी, गाद्या, स्वयंपाकघर, लोणच्याची पिंपं आणि त्यावर ठेवायचे दगड, हे सर्व माझी सून चिनामी हिला द्यावे. तिच्या नवऱ्याला नव्हे, तिला. गेली अकरा वर्षं ऑगस्ट महिन्यात सरावाला येणाऱ्या नव्वद रग्बीवाल्या धटिंगणांचा भात ती रांधते आहे आणि एकदाही तो करपलेला नाही. मिसोच्या सुपात ती मीठ कमी घालते. तेवढं मी मेल्यावर तरी सुधारावं.

कलम २. बँकेतील ठेवी आणि हिवाळ्यात स्की भाड्याने देण्याची शेड माझा मुलगा मासाफुमी याला द्यावी. कायद्याने त्याच्या वाट्याला जेवढं यायला हवं तेवढं यात येतं, हे किताझुमे साहेबांनी तपासलं आहे, तेव्हा त्याने पुढे कसलीही हरकत घेऊ नये. तो नोकरीसाठी खाली शहरात, सैतामाला राहतो आणि वर आला की मैदान विकण्याचा एकच धोशा लावतो.

"आई, ते मैदान वर्षातून दोन महिने कामाला येतं. बाकीचे दहा महिने त्याच्यावर बर्फ, नाहीतर कोल्हे."

"कोल्ह्यांमुळे तुझं काय जातं?"

"एक कँपिंगवाली कंपनी चांगला भाव देतेय. लोक गाड्या आणतील, तंबू ठोकतील, मांस भाजतील."

"आणि पोरांनी कुठे खेळायचं?"

"पठारावर शंभर मैदानं आहेत, आई. एक गेलं तर काय बिघडलं?"

मासाफुमी वाईट नाही. लहानपणी त्याला रग्बीचा चेंडू नाकावर लागला होता, त्याचा राग त्याने अजून सोडलेला नाही. पण मैदान त्याला मिळणार नाही. हे त्याने वाचलं की थोडा वेळ बसावं, पाणी प्यावं, मग पुढचं वाचावं.

कलम ३. शेजारी ओबिनाता योशिए हे लेट्यूस लावताना दरवर्षी माझ्या बांधात वीतभर नांगर घालतात. विचारलं की म्हणतात, "तुमची पोरं चेंडू आणायला येऊन माझी रोपं तुडवतात, त्याची भरपाई." तो जो पट्टा त्यांनी असा खाल्ला आहे, तो मी त्यांना रीतसर देते. आता ते चोरी करणार तरी कशाची? ते पहिले साक्षीदार म्हणून माझ्या शेजारीच बसले आहेत आणि मी काय लिहिते ते मान वर करून बघत आहेत. बघा, ओबिनाता, बघा.

कलम ४. आता मैदान.

हे मैदान मी आणि माझ्या नवऱ्याने केलं. आधी इथे लेट्यूसच होतं. पठारावरच्या एकेका लॉजवाल्याने आपापलं मैदान केलं, कारण उन्हाळ्यात खाली शहरात उकडतं आणि देशभरची कॉलेजं सरावाला वर येतात. दोन हिवाळे आम्ही दगड वेचले. माझी कंबर तेव्हा जी धरली ती अजून सुटलेली नाही. म्हणून या मैदानाचं काय करायचं हे मी ठरवणार.

मैदानामुळे मी कोच खूप पाहिले. शिट्टी तोंडातून न काढता जेवणारे पाहिले. हरल्यावर पोरांना उन्हात गुडघ्यावर बसवून ठेवणारे पाहिले. त्यांतल्या दोघांचे फोटो खाली टाउन हॉलमधल्या 'उत्कृष्ट प्रशिक्षक' फलकावर आहेत. फलक माजी खेळाडूंच्या मंडळाने लावला आहे आणि नियम सोपा आहे: ज्याने अजिंक्यपद आणलं त्याचं नाव. दर ऑगस्टला कॉलेजचा संघ घेऊन माझ्याकडे उतरणाऱ्या निरासावा ताकेओ सरांनी ते कधीच आणलं नाही. मंडळाचं फलकाचं काम सोपं व्हावं म्हणून मी काही गोष्टी इथे लिहून ठेवते.

कॉलेजांची रीत अशी की सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सर पहिल्या संघाच्या खेळाडूला नावाने बोलावतात आणि त्याच्या हातात जर्सी देतात. बाकीची पोरं मागे भिंतीला टेकून बघतात. काही रडतात. चार वर्षं मार खाऊन, घाम गाळून ज्यांना ती जर्सी मिळत नाही, अशीच पोरं जास्त असतात. निरासावा सर माझ्याकडे पहिल्यांदा आले त्या ऑगस्टपासून पाचही संघांना जर्सी द्यायचे. स्वतः. एकेकाला. आणि प्रत्येकाला एक वाक्य, जे दुसऱ्याला दिलेलं नसायचं. पाचव्या संघाची पाळी येईपर्यंत माझा भात गार व्हायचा. मी जिन्यात उभी राहून ओरडायचे.

"निरासावा सर, ही पोरं उद्या कुठे अजिंक्यपद खेळणार आहेत? जेवायला पाठवा."

"पाच मिनिटं, बाई."

"तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत."

एकदा संतापून मी सरळ वर गेले. सर पाचव्या संघातल्या एका थोराड पोरासमोर उभे होते. त्याला म्हणत होते, "काल तू धडकताना मान खाली घातलीस. उद्या वर ठेव. सामना गेला तर जाऊ दे, तुझी मान मला हवी आहे." पोरगं जर्सी छातीशी धरून हुंदके देत होतं. मी तशीच खाली आले आणि भात पुन्हा वाफवायला ठेवला. त्या दिवसापासून त्यांच्या संघाचं जेवण मी उशिराच लावलं. तक्रार मात्र चालू ठेवली, नाहीतर माणूस शेफारतो.

आता किटलीचं. जुन्या काळी मैदानात कोणी डोकं आपटून आडवा झाला की कोणीतरी किटली घेऊन धावायचं. तोंडावर पाणी ओतायचं, पोरगं उठायचं, लोक टाळ्या पिटायचे. पाणी ओतलं की मेलेलाही उठतो, अशी आमची सगळ्यांची श्रद्धा होती. पठारावरच्या सगळ्या लॉजवाल्या किटल्या भरून द्यायच्या, मीही द्यायचे.

त्या वर्षी सरांचा कप्तान होता मोमोसे कांजी. असा कप्तान कॉलेजला पुन्हा मिळाला नाही. आदल्या वर्षीच्या विजेत्यांशी माझ्या मैदानावर सामना होता आणि काठावर सगळे माजी खेळाडू, आईबाप गोळा झाले होते. मोमोसेचं डोकं कोणाच्या तरी गुडघ्यावर आपटलं. किटली आली, पाणी ओतलं, तो उठला, टाळ्या झाल्या. सर मात्र चालत मैदानात गेले. समोर नेकोदाके आहे. त्याच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हा डोंगर कोणता?"

मोमोसे म्हणाला, "त्सुरुगी."

त्सुरुगी पलीकडच्या तोयामा प्रांतात आहे. मोमोसेच्या घराच्या खिडकीतून दिसतो. सरांनी त्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर आणलं. मोमोसेने सगळ्यांसमोर सरांना अशा शिव्या दिल्या की मी त्या कागदावर उतरवू शकत नाही. मंडळाचे अध्यक्ष धावत आले.

"पोरगं उभं आहे ना? मग?"

"उभं आहे," सर म्हणाले, "पण तोयामात."

डॉक्टरने हो म्हणेपर्यंत त्यांनी त्याला खेळवलं नाही. पानगळ सरली, मोसम सरला, अजिंक्यपद हातातोंडाशी येऊन गेलं. फलकावर नाव नसण्याचं कारण हे आहे, हे पठारावर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. म्हणून मी बोलते. त्या काळी माझ्या मैदानावरून पोरांना घेऊन परतलेल्या कोचांपैकी, आपली सगळी पोरं होती तशी घरी पोचवणारा माझ्या माहितीत हा एक. यापेक्षा उत्कृष्ट म्हणजे काय, ते मंडळाने मला येऊन सांगावं. चहा देईन.

यंदा मार्चमध्ये कॉलेजने सरांना काढलं. नवे संचालक म्हणाले, साठ खेळाडू पुरेत, बाकीच्यांना तुम्ही नावं वाचून घरी पाठवा. सर म्हणाले, "मी जर्सी देतो. काढून घ्यायला दुसरा माणूस बघा." त्यांनी बघितला.

तेव्हापासून सर मात्सुमोतोत घरी बसून आहेत. फोन उचलत नाहीत. कोणी विचारेल म्हणून गल्लीच्या बाहेर जात नाहीत, असं त्यांच्या बायकोने मोमोसेला रडत सांगितलं आणि मोमोसेने मला. मोमोसे आता उएदात दातांचा डॉक्टर आहे. मैदानावर शिव्या देणाराच आज त्यांच्या दारात दर रविवारी उभा राहतो आणि दार उघडत नाही. सदुसष्टाव्या वर्षीच माणूस असा विझलेला मला बघवत नाही. मला रडू येतं आणि मला रडायला आवडत नाही. म्हणून मी हे मृत्युपत्र करायला घेतलं. मला मरायची काही घाई नाही.

सबब, सुगादाइरा येथील माझ्या मालकीचे रग्बी मैदान, त्यावरील गोलचे खांब, शेड व शेडमधील सर्व अवजारांसह, मी निरासावा ताकेओ यांना देते. अटी अशा:

त्यांनी ते विकू नये.

दर ऑगस्टमध्ये चौथ्या वर्षाच्या अशा पोरांना त्यांनी इथे खेळवावं, ज्यांना पहिल्या संघाची जर्सी कधी मिळाली नाही. कॉलेज कुठलंही चालेल. काढून टाकलेलीही चालतील. जर्सी सरांनी स्वतःच्या हाताने द्यावी.

फाटकावर पाटी लावावी: 'निरासावा सरांचे मैदान'. पाटी लाकडी असावी, ब्राँझची नको, तिला थंडीत जीभ चिकटते. आमच्या मासाफुमीची चिकटली होती.

आणि माझ्या मरणाची वाट न बघता मैदानाच्या किल्ल्या आजच देण्यात याव्यात.

कलम ५ मध्ये माझ्या अंत्यविधीबद्दल लिहायचं होतं, पण खाली मोमोसेची गाडी लागली आहे. अंत्यविधी चिनामीने बघून घ्यावा. फुलं कमी, जेवण चांगलं.

पुढचं किताझुमे साहेबांच्या सल्ल्याने, जसं घडलं तसं लिहीत आहे, म्हणजे नंतर वाद नको.

निरासावा सर आले. बारीक झालेत. साक्षीदार व्हायला या, असा निरोप मी त्यांच्या बायकोकडून पोचवला होता. म्हातारीचं मृत्युपत्र म्हटल्यावर नाही कसं म्हणणार, म्हणून आले. दुसऱ्या कशालाही आले नसते, हे मला पक्कं माहीत होतं. बसले, खिशातून आपल्या नावाचा शिक्का काढला आणि म्हणाले, "कुठे उमटवू?"

साहेबांनी त्यांना कलम ४ वाचून दाखवलं. सर शिक्का हातात धरून ऐकत राहिले.

"ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये," साहेब म्हणाले. "तुमचं नाव मला इथून खोडावं लागेल."

"मग मला बोलावलं कशाला?" सरांनी मला विचारलं.

"वाचून दाखवायला. फोन तुम्ही उचलत नाही."

"बाई, माझ्याकडे संघ नाही. एक पोरगा नाही. मी मैदान घेऊन काय करू?"

"साठांच्या बाहेर काढलेली तीस कुठे गेली, ते आधी बघा."

मोमोसे दाराशी उभा होता. तो म्हणाला, "बावीस जणांशी माझं बोलणं झालंय, सर. ती विचारतात, सर कधी बोलावणार."

सरांनी शिक्का परत खिशात ठेवला. मग म्हणाले, "पाटी नको."

"मी मेल्यावर काढा."

"बाई."

"माझं मृत्युपत्र आहे, सर. तुमचं तुम्ही लिहाल तेव्हा तुमच्या मनासारखं लिहा."

ते उठले, खिडकीशी गेले. मैदानाकडे बघत उभे राहिले. डोळे पुसले, उघडपणे, लपवलं नाही. मग चिनामीला विचारलं, "गवत घोट्याच्या वर गेलंय. कापायचं यंत्र चालू आहे का?" तिने किल्ल्या दिल्या. ते कोट खुर्चीवर टाकून खाली गेले.

हे लिहीत असताना बाहेर यंत्राचा मोठा आवाज येत आहे. खिडकी लावू का, असं साहेबांनी विचारलं. मी नको म्हटलं.

ठिकाण: सुगादाइरा पठार, मात्सुकाझे लॉज.
दिनांक: १२ जून, रेइवा ७, म्हणजे सन २०२५.

मृत्युपत्र करणार: फुसाए कुरामोची. सही व शिक्का.

साक्षीदार पहिले: ओबिनाता योशिए, धंदा शेती. सही व शिक्का.

साक्षीदार दुसरे: निरासावा ताकेओ हे नाव खोडले आहे, कारण वर दिले आहे. त्यांच्या जागी मोमोसे कांजी, राहणार उएदा. सही व शिक्का. धंद्यापुढे साहेबांनी 'दंतवैद्य' लिहिले होते. ते मोमोसे यांनी स्वतःच्या हाताने खोडून 'निरासावा सरांचा खेळाडू' असे लिहिले आहे. हा धंदा धरता येईल का, असे मी विचारले. साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि चालेल म्हणाले.