पहिला घोट जमिनीला

तितिकाका तळ्याकाठची छावणी,
रविवार, जेवणानंतर

तीर्थरूप बसीलियाताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे आता नौसैनिक निकासियोचा, टाचा जुळवून नमस्कार. ब्यूनोस आयरेसला थंडी कशी आहे? (इथल्या थंडीचं विचारू नकोस, शाई गोठते.) तुझी कंबर कशी आहे? दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसू नकोस, मधूनमधून उठत जा. दाजींना नमस्कार सांग. भाचीला दात आले का? फोटोत तिचं तोंड कायम बंद असतं, म्हणजे आपल्याच घराण्यावर गेलेली दिसते.

माझं म्हणशील तर ठणठणीत आहे. समुद्र नसलेल्या देशाच्या नौदलात माणसाला होऊन होऊन काय होणार, असं तूच म्हणाली होतीस. तर ऐक. आल्या आल्या आम्हाला तळ्यात उड्या मारायला लावल्या, आणि कोळ्याचा मुलगा म्हणून मला सगळ्यांच्या पुढं उभं केलं. कोळ्याला पोहता येतं हा गैरसमज सरकारात कुणी पसरवलाय देव जाणे. आपल्याकडे कोळी फक्त होडीतून न पडायला शिकतो, हे तुला माहीत आहेच. खाली गेलो तो मोठ्या रुबाबात, वर आलो तो दोरीनं. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या (त्यांची पाळी अजून यायची होती, म्हणून मी काही बोललो नाही).

पण खरी गंमत झाली डोंगरावरच्या मोहिमेत. आमचे सार्जंट एग्वेस खालच्या गरम प्रांतातले. माणूस मनानं चांगला, पण आवाज असा की ओझं वाहणारे लामासुद्धा वाट सोडून बाजूला होतात. त्यांनी प्रत्येकाला एकेक बाटली पाणी दिलं आणि बजावलं, वरच्या झऱ्यापर्यंत एवढंच; जो सांडेल त्याची गय नाही. उन्हात चढून चढून जिभा टाळ्याला चिकटल्या तेव्हा कुठं हुकूम झाला, ‘प्या!’ आणि आख्ख्या तुकडीनं एकाच वेळी बाटल्या तिरक्या करून पहिला घोट जमिनीवर ओतला. ताई, एवढी शिस्त आमच्या कवायतीत आजवर कधी दिसली नव्हती.

सार्जंट लालबुंद. त्यांना वाटलं, बंड झालं. “अरे गाढवांनो, प्या म्हटलं मी! शिंपा म्हटलं का?” झाकणं लावायला लावली, पुन्हा उघडायला लावली, पुन्हा ‘प्या!’ आणि पुन्हा जमीन ओली. हात आपोआप वळतो गं, त्याला कोण काय करणार? मग त्यांनी दम दिला की आता थेंब जरी सांडला तर याद राखा. तेव्हा कुणी सांडलं नाही, आणि कुणी प्यालंही नाही. सगळे बाटल्या धरून नुसते बसून. शेवटी त्यांचं बोट माझ्याकडे वळलं (ते नेहमी माझ्याकडेच वळतं).

“ए कोळ्या, तू बोल. का पीत नाहीस?”

“साहेब, आधी तिला द्यायचं असतं.”

“कुणाला?”

“तुम्ही जिच्यावर उभे आहात तिला.”

साहेब टुणकन बाजूला उडाले आणि बुटाखाली बघायला लागले. मग जो हशा पिकला त्याची शिक्षा म्हणून त्यांची पिशवी उरलेली सगळी चढण माझ्या पाठीवर होती.

वर खिंडीत मात्र विरळ हवेनं त्यांना गाठलं. ओठ निळे, पाय लटपटताहेत, आणि आवाज तर कुठल्या कुठं. आम्ही त्यांना पोंचो पांघरवून बसवलं, चघळायला कोकाची पानं दिली, आमच्यातलं उरलंसुरलं पाणी दिलं. त्यांनी बाटली ओठांशी नेली, आमच्याकडे पाहिलं, आणि थोडे थेंब जमिनीवर सोडले. “कंजूस,” मागून कुणीतरी पुटपुटलं. “ऐकू आलं मला,” साहेब म्हणाले, आणि आणखी थोडे सोडले.

तिथं बसल्या बसल्या मला आई आठवली. शेवटच्या आजारपणात ती खोकल्याच्या औषधाचा पहिला चमचासुद्धा जमिनीला द्यायची, आणि तू ओरडायचीस, “आई, खोकला तुला झालाय की जमिनीला?” ती हसायची आणि हसता हसता खोकायची. मग जमीन पुसायचीस तूच, आणि माझं तोंड धुऊन मला शाळेत पाठवायचीस तूच. आई गेल्यावरही तू घरभर इतकी होतीस की मला काही कमी झाल्यासारखं वाटलंच नाही. आई गेल्याचं मला कळलं ते तू गेलीस तेव्हा.

बाबांबद्दल मुद्दामच काही लिहीत नाही, नाहीतर तू पत्र इथंच घडी करून ठेवशील. ‘खालच्या प्रांतातल्या माणसाशी लग्न करणारी माझी मुलगी नव्हे’ हे त्यांचं वाक्य मी ऐकलं होतं, आणि ‘मग मलाही बाप नाही’ हे तुझंही. दाराआडून दोन्ही आवाज एकाच माणसाचे वाटत होते.

बाकी सगळं क्षेम. उत्तर सवडीनं दे, काही घाई नाही.

तुझा,
निकासियो

ता. क. – घाई आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमची सेवा संपते. त्या दिवशी घरचे येतात, गळ्यात फुलांचे आणि पावांचे हार घालतात, डोक्यावर रंगीत कागदाचे कपटे उधळतात. ज्याचं कुणी येत नाही तो फाटकाशी वाकून बुटाची नाडी बांधत बसतो. आम्ही भरती झालो तेव्हा सुटणाऱ्यांतला असा एक मी पाहिला, आणि त्याच्या नाड्या आधीच बांधलेल्या होत्या. तू ये. दाजींना आणि लेकीला घेऊन ये.

ता. क. पुन्हा – बाबांबद्दल लिहायचं नाही असं म्हटलं, ते खोटं. आज सकाळीच ते उकडलेले बटाटे घेऊन भेटीला आले होते. सार्जंटांची गोष्ट ऐकून चक्क हसले. मग बराच वेळ एकच बटाटा सोलत बसले आणि म्हणाले, “हार घालायला तिला बोलाव. तुला तिनं वाढवलंय.” मी म्हटलं, तुम्ही असाल तर ती यायची नाही. तर म्हणतात, “मग मी फाटकाबाहेर थांबेन. भिंतीवरून दिसेल मला.” (ती भिंत त्यांच्या डोक्याच्याही वर जाते.) ते खरंच बाहेर थांबतील, त्यांचा हट्ट तुला ठाऊक आहे. आणि मला तर रांग सोडता येणार नाही. त्यांना हाताला धरून आत तुलाच आणावं लागेल.