बिनठिपक्याची कॅसेट

बाबा, तुमच्या त्या दुसऱ्या डब्याबद्दल मला तेव्हाही शंका होती. माणूस एक, पोट एक, आणि कामावर जाताना पिशवीत डबे दोन. एकात पोळीभाजी असायची, तो आई माझ्यासमोर भरायची. दुसरा तुम्ही संध्याकाळी घेऊन यायचात, सकाळी घेऊन जायचात, आणि तो घासायला पडलेला मी कधी पाहिला नाही. एकदा त्याचं झाकण उघडायला गेले तर तुम्ही ओरडलात, "त्या डब्याला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!" तुम्ही ओरडणाऱ्यातले नव्हतात, म्हणून ते ओरडणं लक्षात राहिलं. आईकडे पाहिलं, तर ती खाली मान घालून तांदूळ निवडत होती. तसा माझा स्वभावच शंकेखोर. देवाचं फारसं न करणारी आई दुपारी उदबत्ती का लावते, गाईसाठी म्हणून वाटीखाली झाकलेला कणकेचा गोळा नक्की कोणती गाय खाते, तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी का धरता, सगळ्यावर माझी नजर असायची. अंबरनाथ पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत माझ्या नजरेतून सुटलेलं काही नाही अशी माझी समजूत होती. मग मी कॉलेजात असताना तुम्ही गेलात आणि डब्याचं विचारायचं राहून गेलं.

आता मी बदलापूरला राहते, आई माझ्याजवळ असते. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायचं काम करते. पुढ्यात आलेल्या प्रत्येक नगावर आधी संशय घ्यायचा, याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे स्वभाव सुधारायची आता आशा नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र मी तुमचंच काम करते. हसू नका. टीव्हीवर खेळायच्या गेमच्या कॅसेटी, ज्या तुम्ही उल्हासनगरला शेठच्या कारखान्यात करायचात, त्या मी घरी बनवते. ज्या मुलांनी आईचे धपाटे खात त्या खेळल्या, त्यांना आता टक्कल पडलंय आणि त्यांना त्याच कॅसेटी परत हव्या आहेत. भंगारातून जुनं कव्हर आणायचं, आतली हिरवी पट्टी काढून टाकायची, नव्या पट्टीवर चिप ठेवून तिचे पाय एकेक करून सोल्डरने जोडायचे, कॉम्प्युटरवरून तिच्यात गेम भरायचा, वर चकचकीत लेबल चिकटवायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगते, बाबांचा हात माझ्यात उतरलाय. आई ऐकून घेते. तुम्ही मला दिलेली पिवळी कॅसेट शोकेसमध्ये ठेवली आहे. "ही मी स्वतः केली, खास तुझ्यासाठी," असं म्हणून तुम्ही ती दिली होतीत, आणि ती पहिल्याच दिवसापासून गेममधल्या पुलावर अडकायची. खेळातला गडी पुलाच्या मध्यावर आला की चित्र गोठलंच. मी रडले तर म्हणालात, शेठचा मालच तसला. ती तेवढी मी कधी उघडली नव्हती.

दिवाळीच्या आधी उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडून पिशवीभर जुन्या कॅसेटी आणल्या. घरी येऊन पाहते तर काहींच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात मरून रंगाचा ठिपका. मला केवढा आनंद झाला सांगू! तुम्हीच सांगितलं होतं, कारखान्यात प्रत्येकाचा ठिपका वेगळा, कॅसेट बिघडून परत आली की ज्याची त्याच्या पुढ्यात पडायची. तुमचा मरून. मी स्क्रू काढले. आतलं काम बघून ऊर भरून आला. सोल्डरचा एकेक थेंब मोहरीच्या दाण्याएवढा, सगळे सारखे, कुठे ओघळ नाही. पण पट्टीच्या कडेला, स्क्रूच्या भोकापाशी काहीतरी पांढरट वाळून बसलं होतं. आधी मेण वाटलं. नखाने खरवडलं, पाण्याचा थेंब टाकून बोटांत चोळलं. रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईला कणीक ओळखायला चष्मा लागत नाही. दुसरी उघडली, तिच्यातही कणीक. तिसरीत तर कणकेला पोरकिड्यांनी भोकं पाडली होती. कारखान्यात पट्टी धरायला लोखंडी चिमटा असायचा, तो मी पाहिलेला आहे. कणीक असते ती स्वयंपाकघरात. आणि तो मरून ठिपका नेलपॉलिशचा होता. आमच्या घरात नेलपॉलिशची बाटली कधीच नव्हती, बाबा. आईने आयुष्यात नखं रंगवली नाहीत.

मग मी शेठच्या कारखान्यातल्या तुमच्या जुन्या जोडीदाराला गाठलं. ते सिंधी काका, जे मला पापड द्यायचे. आता त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, बसतो मुलगा, हे नुसते खुर्ची अडवून असतात. कॅसेट हातात घेऊन त्यांनी ठिपक्यावर अंगठा फिरवला.

"तेरे पापा का माल है ये. क्या सफाई थी, बेटी! पूरे उल्हासनगर में ऐसा हाथ नहीं था."

"काका, ये कारखाने में ही बनाते थे ना वो?"

"ना ना. कारखाने में तो खाली टेस्टिंग. सोल्डर का काम घर ले जाता था. बोलता था, यहाँ शोर है, घर पे शांती से होता है."

"कौन से घर पे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

काका माझ्याकडे बघतच राहिले. "घर पे मतलब घर पे. घर कितने होते हैं आदमी के?"

तेच तर मला कळायला हवं होतं, बाबा. आमच्या घरी सोल्डरिंगची गन मी कधी पाहिली नव्हती. मग शांती कुठे मिळत होती तुम्हाला? आणि एकदा किल्ली लागल्यावर कुलूप उघडायला कितीसा वेळ! रविवार आठवले. रविवारी सकाळी तुम्ही पांढरा शर्ट घालून वांगणीला जायचात. कशाला, तर "काम आहे". मला बरोबर नेलं नाहीत, आईलाही नाही. येताना चेहरा हलका झालेला असायचा. वांगणी, स्वयंपाकघर, कणीक, नेलपॉलिश. दुसरा डबा! कुणाच्या तरी हातचा डबा माझ्या घरात येत होता आणि माझी आई मान खाली घालून तांदूळ निवडत होती. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी ज्या हाताचा टेंभा मिरवला, त्याला पट्टी धरून द्यायला कुणी दुसरीच बसत होती की काय? एका रविवारी मी स्कूटी काढली आणि वांगणी गाठली. काय शोधत होते, मलाच माहीत. स्टेशनजवळ भाजी घेऊन बसलेल्या, आईच्या वयाच्या प्रत्येक बाईची नखं मी पाहिली. एकीने विचारलं, "काय बघतंस गो, शेंगा हव्यात का?" शरमेने वालाच्या शेंगा घेतल्या आणि परत आले. आईला म्हटलं, वांगणीला गेले होते, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघन् रेघ तपासली. तिने शेंग मोडून बघितली आणि म्हणाली, कोवळ्या आहेत.

त्यानंतर तुमच्या फोटोला हार घालायचं काम मी आईवर सोडलं. तुमच्याकडे बघवत नव्हतं. ज्याला एवढा भला माणूस समजले त्यानेच आम्हाला फसवलं, असं मनात यायचं आणि जेवण गोड लागायचं नाही. आईला विचारावं तर म्हातारपणी तिच्या कपाळावर हा दगड कशाला, म्हणून गप्प बसायचे.

मग परवाची दुपार. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिप लावतेय. माझा चिमटा ढिला झालाय, पट्टी सारखी सरकते, आणि सरकली की दोन पाय एकमेकांना चिकटतात. मी चिमट्याला शिव्या घालतेय. आई ओट्याशी कणीक मळतेय. तिने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. "हलतंय ना? सरक." परातीतून लिंबाएवढा गोळा तोडला, टेबलावर थापला आणि पट्टी त्यात कडेने रोवली, जरा तिरकी, आपल्याकडे उतरती. मग हात पदराला पुसला, माझ्या हातातून गन घेतली आणि पायावर टेकवली. एक थेंब. मोहरीच्या दाण्याएवढा. दुसरा. तिसरा.

"आई, तू?"

"मग कोण? त्यांचा हात थरथरायचा गं. कशाने सुरू झालं देव जाणे. शेठला कळतं तर काम गेलं असतं. त्या डब्यातून पट्ट्या नि कव्हरं आणायचे, तू शाळेत गेलीस की मी करायचे, झालेल्या कॅसेटी सकाळी हे घेऊन जायचे."

"गन कुठे होती?"

"तांदळाच्या डब्यात. ठिपक्याची बाटली पण तिथंच. आणि तू यायच्या आत उदबत्ती लावायचे. तुझं नाक म्हणजे कुत्र्याचं."

"आणि गाईचा गोळा?"

"गाईला कशी घालीन? शिसं लागलेलं असायचं त्याला. कचऱ्यात टाकायचे. धुवून घ्यायला हव्या होत्या पट्ट्या, पण वेळ कुठे असायचा! एकदा कॅसेटीतून मुंग्या निघाल्या म्हणून शेठ ह्यांना बोलला होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या तोंडात तीळ तरी भिजायचा का? अख्ख्या गल्लीला सांगितलं असतंस. आणि नंतर..." तिने गन खाली ठेवली. "नंतर तू सगळ्यांना बाबांचा हात, बाबांचा हात सांगत सुटलीस. बरं वाटायचं ऐकायला. असू दे म्हटलं."

मी विचारलं, आणि वांगणी? ती म्हणाली, तिथे एक वैदू तेल लावून हात चोळून द्यायचा, त्याने दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. तेवढ्यासाठी जायचे. तुमच्याकडे खोटं कशाला बोलू, बाबा, मी पुढे हेही विचारलं की तो वैदू होता का वैदीण. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पण का विचारलं ते तिला कळलेलं नाही आणि कळायला नको, म्हणून हे पत्र तिलासुद्धा वाचून दाखवणार नाही. तुमच्या फोटोला काल मीच हार घातला.

आणि मग ती पिवळी कॅसेट शोकेसमधून काढली. कारण आता हीदेखील आईनेच केली असणार, अशी शंका आली. मागे ठिपका नव्हता. स्क्रू काढले. आत कणीक नव्हती. सोल्डरचे गोळे एकमेकांवर ओघळलेले, पट्टी दोन ठिकाणी काळी पडलेली, एक पाय तीनदा काढून पुन्हा लावल्यासारखा, आणि शेवटचा पाय जोडलेलाच नाही, नुसता टेकलेला. माझ्या टेबलावर असा नग आला असता तर मी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. स्वतः केली म्हणालात ते खरंच होतं. सगळ्या कॅसेटी आईच्या हातच्या आणि ही एकच तुमची, आणि मी तिला खराब म्हणून रडले होते. तुम्ही कप धरायचात तसेच दोन्ही हातांनी ती गन धरून बसलेले तुम्ही मला दिसलात, आणि मला फार रडू आलं.

तो शेवटचा पाय मी चुटकीसरशी जोडू शकते. गन तापवलीही होती. मग बंद केली आणि कव्हर पुन्हा लावून टाकलं. आज दुपारी खेळून पाहिली. पुलाच्या मध्यावर चित्र गोठलं, आणि मी टीव्ही तसाच चालू ठेवला.